घसारा

लग्नाच्या सीझनला माझा ड्रोन
अक्षतांच्या वर घोंघावतो.
सीझन उतरला की विम्याच्या कामाला जातो.
पंखे तेच, बॅटऱ्या त्याच.
फक्त खालची माणसं वर बघून हात हलवत नाहीत.

बापट कॅम्प, सकाळचे साडेसात.
मगदूम मॅडम चिखलातून पॅड सावरत आल्या.
"छतापासून घ्या," म्हणाल्या.
"शिडी लावायचे दिवस गेले.
इचलकरंजीत आमचा एक सर्व्हेअर
सिमेंटच्या पत्र्यातून थेट मागावर उतरला होता."

वर घेतला. दहा मीटर. वीस.
खाली वळवानं उचकटलेली शेड,
पिळवटलेले अँगल,
आणि शाडूचे एकशे चाळीस गणपती.
कुणाची सोंड वाहून गेलेली, कुणाचं पोट खचलेलं,
कुणाचा नुसता पाट.
वरनं बघितलं तर मातीचे ओले ढीग,
मधेच एखादा अभय देणारा हात.

एक घार आली. घिरट्या घालून गेली.
लांब जोतिबाचा डोंगर, अलीकडं नदीचं वळण,
कारखान्याची बंद चिमणी.
ते अहवालात लागत नाही.
कॅमेरा खाली वळवला.

तातोबा निगवेकर स्क्रीनपाशी वाकले.
कोपरापर्यंत वाळलेली माती.
"एवढंसंच हाय व्हय?" म्हणाले.
आपलं छत वरनं
त्यांनी पहिल्यांदाच बघितलं,
आणि ते नव्हतं.

नाही, चुकलो. दुसऱ्यांदा.
फेब्रुवारीत त्यांच्या ऋतुजाची वरात
याच गल्लीत मीच घेतली होती.
घरच्या टीव्हीवर चारदा लावली म्हणे.
पण तेव्हा सगळे नवरीकडं बघत होते.

काल रात्री चार्जिंग लावून बसलो होतो.
उगाचच ते फुटेज उघडलं.
चौथ्या मिनिटाला वरात वळते.
हलगीवाल्याचे हात दिसतात, आवाज नाही,
ड्रोनला कान नसतात.
आणि कोपऱ्यात, सहा सेकंद,
शेडच्या पश्चिमेला तीन पत्रे नाहीत.
निळी ताडपत्री. तिच्यावर दगड.
थांबवून मोजले. अकरा.

"घटनेपूर्वी छत सुस्थितीत होतं?"
मॅडम फॉर्ममधनं वाचतात.
"होतं की," तातोबा म्हणतात.
मग जरा थांबून, "आमच्या मानानं होतं."
मॅडम पहिलं वाक्य लिहितात.
दुसऱ्याला रकाना नाही.
घसाऱ्याला आहे.
शेड किती सालची, पत्रा किती गेजचा,
वर्षाला किती टक्के झिजला.
माणूस छताखाली किती झिजला
ते वजा करायचं की मिळवायचं,
मला हिशेब येत नाही.

एक हिशेब मात्र येतो.
वरातीच्या शूटिंगचे सात हजार
तातोबांनी मला दोन हप्त्यांत दिले होते.
आज येताना दुकानात सहज भाव विचारला:
तीन पत्रे, हुक-वायसर, मजुरी धरून
सहा हजार आठशे.

"या जागेचं जुनं फुटेज आहे का तुमच्याकडं?
कंपनी हल्ली विचारते."
मॅडमनी पेन उचललेलं.
तातोबा माझ्याकडं बघत नव्हते.
एका गणपतीचा कान बोटानं नीट करत होते,
ज्याला बाकी चेहराच नव्हता.

"वरातीचं आहे," मी म्हणालो.
मॅडम हसल्या, "वरात काय करायचीय?"
आणि पुढच्या पानावर गेल्या.

खोटं बोललो नाही.
खरं बोललो असंही
छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

बॅटरी पंधरा टक्के.
बटण दाबलं की तो आपला आपण परत येतो,
जिथनं उडाला ती जागा तेवढी लक्षात ठेवतो.
उतरताना पंख्यांच्या वाऱ्यानं
भिंतीलगतच्या एका धड राहिलेल्या मूर्तीवरचा
प्लास्टिकचा कागद उडाला.
तातोबा धावले. कागद ओढून घेतला.
त्याच्या टोकावर दगड ठेवला.
मग इकडंतिकडं बघून
आणखी एक.